काशिनाथचं तिसरं बोट

काशिनाथ दिवसातून पन्नास वेळा "चूक" म्हणायचा. मोठ्याने नाय. हातातलं काम न सोडता, मान न वळवता, नाकातल्या नाकात. मी गोणी थप्पीला लावली आणि ती जरा तिरकी बसली की मागून आवाज, "चूक." चहात साखर जास्त पडली, "चूक." एकदा दसऱ्याला मालकाने मशीनपुढे नारळ फोडला. तो वेडावाकडा फुटला आणि अर्धं पाणी मालकाच्याच धोतरावर गेलं. आम्ही सगळे हात जोडून गप्प उभे, आणि मागून हळूच, "चूक." मालकालाही हसू आलं.

म्हणून गिरणीत त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत तो माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त गेला होता, बस. मी चौथी, तो सहावी. आता हे लिहायला बसलोय तर तो मागे उभा आहे असं वाटतं. असू दे. चुकेल तिथे चुकेल.

शहापूरला भाताची गिरणी होती. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मी तिथे हमाल, तो मशीनवाला. माझं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, सायकलने पाऊण तास. त्याचं गाव वैशाखरे, मुरबाडच्याही पुढे, माळशेज घाटाच्या वाटेवर. रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून गिरणीच्या मागच्या खोलीत राहायचा. एकटा. लग्न केलं नाय. का केलं नाय, हे मी एकदाच विचारलं. म्हणाला, "राहून गेलं रे." पुन्हा विचारलं नाय. त्यानेही पुन्हा सांगितलं नाय.

उंच माणूस, पाठीत वाकलेला. भुवयांवर आणि पापण्यांवर कायम भाताचा कोंडा बसलेला, त्यामुळे चाळिशीतच म्हातारा दिसायचा. दोन्ही कानांत कापूस. गिरणीत एवढा गोंगाट, पण आम्ही कोणी कापूस घालत नव्हतो. मी चिडवलं, "बायकांसारखा जपतोस कानाला." म्हणाला, "हात विकलेत गिरणीला. कान नाय विकले."

आणि कापूस घालूनही आम्हा सगळ्यांपेक्षा त्यालाच जास्त ऐकू यायचं. एका दुपारी मशीन भरात चालू होतं. काशिनाथ बाहेर चिंचेखाली भाकरी खात बसला होता. तिथनं ओरडला, "बंद करा!" आम्ही नुसते बघत राहिलो. तो तसाच उष्ट्या हाताने धावत आत आला आणि खटका खाली ओढला. मालक तणतणत आला. काशिनाथने मोठ्या चाकाच्या बेअरिंगचं झाकण खोललं. आतल्या गोळ्यांचा चुरा झाला होता.

"सकाळपासून चढ्या सुरात रडतंय ते," तो म्हणाला. "तुमाला कुणालाच ऐकायला येत नाय?"

नव्हतं आलं. त्या चाकाच्या समोर दिवसभर मी उभा असायचो. चाक सुटून आलं असतं तर पहिला मी गेलो असतो. त्या दिवसापासून आमची दोस्ती. मी त्याला घरची भाकरी आणायला लागलो आणि तो मला चूक म्हणायचा तो म्हणतच राहिला.

त्याच्या खोलीत एक गोणपाटाची पिशवी खुंटीला टांगलेली असायची. त्यात गिटार. तरुणपणी तो मुंबईला एका बंगल्यात बागकामाला होता. तिथल्या मालकांनी पाठ फुटलेली गिटार फेकून दे म्हणून त्याच्या हातात दिली. हा ती घेऊन वैशाखऱ्याला आला. गावच्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाची पातळ फळी करून घेतली आणि फुटलेल्या पाठीवर सरसाने चिकटवली. गिटारीबरोबर एक पुस्तकही मिळालं होतं, कोणतं बोट कुठल्या तारेवर ठेवायचं त्याच्या चित्रांचं. पण पुढचं अर्धं पुस्तक उंदराने खाल्लं होतं. काशिनाथला विचारलं, "तुला किती वाजवता येतं?" तर तो सरळ सांगायचा, "उंदराने ठेवलं तेवढं."

त्यानेच मला सांगितलं की कॉर्ड म्हणजे काय. तीन-चार सूर एकदम वाजवायचे, एकाच्या खांद्यावर एकाने हात टाकून उभं राहिल्यासारखे. मी म्हटलं, गोणी उचलताना आम्ही चौघं लागतो तसं का? म्हणाला, "तसंच. एक जण हलला तर कळलं पाहिजे."

लग्नाच्या दिवसांत तो मुरबाडच्या एका बेंजो पार्टीत जायचा. आमच्याकडे लग्न म्हटलं की बेंजो पार्टी आलीच. पुढे बेंजो, बाजूला ढोल, ताशा, खुळखुळे, आणि हातगाडीवर भोंगा. त्या गदारोळात बिनभोंग्याची गिटार कोणाला ऐकू येणार? पार्टीवाल्याने त्याला सगळ्यात मागे ठेवला होता, ढोलाच्याही मागे. वरातीत लोक नाचायचे आणि हा मागून मान खाली घालून गिटार वाजवत चालायचा.

मी म्हटलं, "मास्तर, तुझं कोणाला ऐकायला येतं का?"

"मला येतं."

बस. एवढ्यासाठी तो उन्हातान्हात गावोगाव हिंडायचा.

आता माझ्या मंडळीचं सांगायला लागेल, त्याशिवाय काशिनाथचं पुढचं सांगता येत नाय. माझी बायको धवलारीण होती. हळदीला, मांडवात, पाठवणीला धवला गाणारी बाई ती धवलारीण. आमच्याकडे भटाशिवाय एक वेळ चालेल, पण धवलारणीशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाय. तिची आई गायची, तिची आजी गायची. पाच-सहा गावांतून तिला बोलावणं यायचं. पोरीबाळी तिला काकी म्हणायच्या. मी तिला नावाने कधी हाक मारली नाय, आमच्यात रीत नाय तशी. "ऐकलंस का" म्हणायचो. आणि खरं सांगतो, ती गायला बसली की मी बाहेर बाप्या माणसांत जाऊन तंबाखू मळायचो. पस्तीस वर्षं तिचा धवला माझ्या कानावर पडला. मी ऐकला नाय.

काशिनाथने ऐकला. माझ्या चुलतभावाच्या पोरीचं लग्न होतं. भर दुपारी बेंजोवाले जेवायला उठले आणि मांडवात जरा शांत झालं. तेव्हा मंडळी आणि दोन बाया धवला म्हणायला बसल्या. पार्टीतले सगळे पंगतीला गेले, हा गेला नाय. मांडवाच्या डांबाला टेकून बसला, गिटार मांडीवर घेतली आणि तिच्या आवाजाखाली हळूहळू काहीतरी लावून बघायला लागला. मी पानं वाढत होतो. त्याला हाक मारली, "मास्तर, जेवायला ये." त्याने हाताने गप्प केलं मला. सगळ्या पाव्हण्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी गिरणीत म्हणाला, "वहिनी एका जागी खाली येते आणि तिथेच बसते."

"बरं मग?"

"तिथे माझं घासतं. बाकी सगळीकडे बसतं, तिथे घासतं."

"मग तिला सांगतो दुसरीकडे बसायला."

"चूक," तो म्हणाला. "ती बरोबर आहे. मी चुकतोय."

त्याने स्वतःला चूक म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर जिथे जिथे तिला बोलावणं, तिथे हा हजर. बेंजो पार्टीला सुपारी असो नसो. दोन वर्षं. डांबाला टेकून बसायचा, तिच्या सुराला खुंट्या पिळून घ्यायचा आणि ती जागा आली की तोंड कडू करायचा. बाया हसायच्या. एक म्हातारी म्हणाली, "गो काकी, तुझ्या गाण्याने या बाप्याच्या पोटात दुखतंय." मंडळी म्हणाली, "दुखू दे. जेवायचं सोडून बसतो, दुखेल नाय तर काय."

मग एके दिवशी गिरणीचा पट्टा चढवताना त्याचं बोट सापडलं. डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. नख मुळापासून गेलं. डॉक्टरने कणसाएवढं जाड फडकं बांधलं आणि पंधरा दिवस हात लावू नको म्हणून सांगितलं. तो रविवार होता. मी अंगणात दोर वळत बसलो होतो. बघतो तर काशिनाथ एका हाताने सायकल चालवत येतोय, पाठीला गोणपाट बांधलेलं, घामाने अंघोळ झालेली.

"वहिनी कुठे?"

मंडळी भात पाखडत होती. सूप घेऊन बाहेर आली. तो ओटीवर बसला, गिटार काढली. "वहिनी, ही कॉर्ड ऐका. आधी ही," असं म्हणून त्याने दुखरं बोट कसंबसं तारेवर टेकवलं. कळ त्याच्या तोंडावर दिसली. "ही मी दोन वर्षं वाजवतोय. आता ही." आणि ते तिसरं बोट उचललं. बाकी दोन होती तिथेच. तार छेडली.

मला काय कळणार? मला एवढंच कळलं की पहिलं वाजलं ते बंद दारासारखं होतं आणि दुसरं वाजलं तेव्हा दार लोटलेलं होतं.

"फडक्याचं बोट लागत नव्हतं म्हणून दोनच बोटांनी वाजवत बसलो होतो," तो सांगत होता. लहान पोरासारखा भरभर बोलत होता. "आणि डोक्यात तुमची ती जागा आली बघा! तिथे तुमचा सूर खाली उतरतो आणि माझी ही तार एक पायरी वर उभी. म्हणून घासायचं. बोट उचललं की तार खाली येते, तुमच्या शेजारी. वहिनी, तुमच्या जागेवर माझं बोट बसलं होतं इतकी वर्षं! म्हणा जरा. एकदाच म्हणा."

मंडळीने सूप खाली ठेवलं. "नाय म्हणता येणार, मास्तर."

"का?"

"मांडवाशिवाय धवला म्हणायचा नाय. आईने शपथ घातलीय. नवरा-नवरी नाय, हळद नाय, उगाच ओटीवर बसून म्हणतात का तो?"

"नुसती एक ओळ."

"अर्धी नाय." मग तिला हसू आलं. "तुमी लगीन करा. तुमच्या मांडवात सगळा म्हणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मी पण हसलो. काशिनाथ नाय हसला. त्याने गिटार गोणपाटात घातली, वरची सुतळी बांधली, सायकल वळवली. पाठमोरा बघितला तर मान पार खाली. वाईट वाटलं मला, पण आईच्या शपथेपुढे माझं घरात काय चालणार? तो कुंपणाच्या वईपाशी पोचला तेव्हा मंडळी ओरडली, "मास्तर! ओ मास्तर! तुळशीचं लगीन ते लगीन नाय का?"

तो थांबला. सायकल घेऊन तसाच उभा राहिला, कार्तिकाला किती महिने आहेत ते बोटांवर मोजत. फडक्याचं बोटही त्यात धरलं होतं.

तुळशीच्या लग्नाला काशिनाथ सकाळीच आला. पांढरा शर्ट, त्याला नीळ जास्त झालेली. डोक्यावर उसाच्या चार मोळ्या. आम्हाला तुळशीवर मांडवाला लागतात चार ऊस. मी म्हटलं, "गावजेवण आहे का रे?" म्हणाला, "मांडव भक्कम पाहिजे." स्वतः उभा राहून त्याने ऊस बांधले, चिंचा, आवळे, बोरं मांडली, वृंदावन गेरूने रंगवलं. शेजारचा बुवा जाता जाता म्हणाला, "मास्तर, नवरदेव तूच का?" काशिनाथ म्हणाला, "नवरदेव आत पाटावर बसलाय. मी वाजंत्री."

दिवेलागणीला लग्न लागलं. शेजारपाजारच्या बाया आल्या. आटगावला दिलेली माझी मुलगी सुमन पण आली होती. मंडळी तुळशीपुढे बसली, पदर डोक्यावर घेतला आणि धवला सुरू केला. काशिनाथने खुंट्या जुळवल्या. त्या दिवशी मी बाप्यांत गेलो नाय. का कुणास ठाऊक, ओटीच्या पायरीवर बसून राहिलो.

ती सुरात वर गेली, फिरली, मग खाली यायला लागली. काशिनाथची तीन बोटं तारांवर होती. ती त्या जागेवर आली आणि त्याने तिसरं बोट उचललं.

मला गाण्यातलं काही कळत नाय. पण मंडळी त्या जागेवर थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. डोळे मिटलेले होते तिचे. बाजूच्या बाया पुढची ओळ घ्यायला तोंड उघडून बसल्या, पण ही पुढे जाईना. मग सावकाश सोडलं तिने.

सगळं झाल्यावर चुरमुरे वाटता वाटता ती त्याला म्हणाली, "मास्तर, त्या जागी माझा दम सुटायचा. कुणाला सांगितलं नाय कधी. आज नाय सुटला."

 काशिनाथ चुरमुरे नुसते हातात धरून बसला.

पुढे तो तारा आणायला कल्याणला गेला तेव्हा दुकानदाराला वाजवून दाखवलं. दुकानदार म्हणाला, ही तर ए मायनर सेवन कॉर्ड. सगळ्यांना माहीत असते. पुस्तकात असते. काशिनाथने गिरणीत येऊन मला सांगितलं, "नाव आहे रे तिला. उंदराने खाल्लेल्या पानावर होती."

मी म्हटलं, "म्हणजे दोन वर्षं फुकट गेली तुझी?"

तो मशीनला तेल घालायला लागला. मग म्हणाला, "पानावर मिळाली असती तर वहिनीला एवढं ऐकलं नसतं."

दुसऱ्या वर्षीही तुळशीचं लग्न तसंच झालं. त्यानंतर गिरणी बंद पडली. काशिनाथ खोली सोडून वैशाखऱ्याला गेला, मी शेतावर आलो. मंडळीला पोटाचं दुखणं लागलं. कल्याणला दाखवलं, औषधं केली. ती सुकत गेली. तिसऱ्या वर्षीच्या कार्तिकात तिला उठून बसवत नव्हतं. सुमनने आणि मी तिला खुर्चीत बसवून अंगणात आणली. मी म्हटलं, राहू दे या वर्षी. तर माझ्यावर डोळे काढले. "तुळशीला काय सांगू, आजारी आहे म्हणून बिनधवल्याची राहा?"

तिने सुरुवात केली आणि आवाज पार खाली. ओळखू येत नव्हता. काशिनाथची बोटं तारांवर होती ती त्याने काढली. आणि खुंट्या सैल करायला लागला. एक एक तार तिच्या आवाजाला लावत खाली खाली आणली. तारा इतक्या ढिल्या झाल्या की दांडीवर भुंग्यासारख्या घुमायला लागल्या. त्याने मान हलवून तिला सांगितलं, म्हणा. आणि ती जागा आली तेव्हा तिसरं बोट उचललं. मंडळी तिथे जास्त थांबू शकली नाय. पण पोचली.

माघात ती गेली.

लोक आले, बसले, गेले. तेराव्याला काशिनाथ एसटीने आला. कोपऱ्यात बसला, जेवला. सगळे गेल्यावर मी त्याला सांगितलं, जे मी सुमनलाही सांगितलं नव्हतं. "मास्तर, तिचा धवला मला आठवत नाय. शब्द थोडे आठवतात. चाल नाय आठवत. पस्तीस वर्षांत एकदा नीट ऐकली असती तर..." 

सुमनलाही येत नव्हता. आई म्हणायला बसायची तेव्हा ही पोरींबरोबर बेंजोपुढे नाचायला. आणि मांडवाबाहेर आईने कधी शिकवला नाय. चूक कोणाची नव्हती.

मी म्हटलं, "ती जागा कशी वाजते ते मला शिकव. बाकी काय नको."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. पस्तीस वर्षं गोण्या उचललेले हात. मग म्हणाला, "दर सोमवारी येतो."

आणि आला. दम लागायचा त्याला, कोंड्याने छाती भरलेली. फाट्यावरून घरापर्यंत येताना दोनदा बसायचा. पण सोमवार चुकवला नाय. पहिल्या दिवशी मी तार दाबली तर तो म्हणाला, "दुखत नाय तुला?" मी म्हटलं, "काय दुखायचंय?" माझ्या बोटांचं कातडं बैलाच्या खांद्यासारखं. नव्या माणसाची बोटं सोलतात म्हणे. माझी अडचण वेगळी. बोट एवढं जाड की एक तार दाबली की शेजारचीही मुकी व्हायची. "चूक. उभं ठेव बोट. गोणीला आकडा लावतोस तसं, टोकाने." तेव्हा कुठे जमायला लागलं.

मी म्हटलं, "मला दोनच बोटांचं पाहिजे ना? मग ते तिसरं कशाला शिकवतोस? सरळ दोन ठेवतो."

"चूक."

"आता काय चुकलं?"

"आधी तिन्ही बोटं लागली पाहिजेत. चांगली वाजली पाहिजेत. मग उचल." आणि खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "आधी काय होतं तेच माहीत नसेल तर उचललेलं कसं कळेल तुला?"

फाल्गुनापासून भात लावणीपर्यंत नुसती तीन बोटं. लावणीनंतर उचलणं. सगळ्यात जाड तार वाजवायची नाय, हे मी शंभर वेळा विसरलो आणि शंभर वेळा चूक ऐकलं. गिटारचा आवाज मात्र मला विचित्र वाटायचा, ढिला, घुमणारा. एकदा विचारलं, "तारा ताणायला झाल्यात का रे?"

"हात लावू नको खुंट्यांना," तो म्हणाला. "वहिनीने शेवटचं म्हटलं त्या सुराला आहेत. उतरल्या की मी परत तिथेच आणतो."

मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि गोठ्यात गेलो. बैलाला वैरण घातली. पुरती झाली होती, तरी परत घातली.

कार्तिक आला. मी म्हटलं होतं की या वर्षी तुळशीचं लग्न नको, सुतकासारखंच आहे. काशिनाथ ऊस घेऊन आला. या वेळी दोनच, जास्त झेपत नव्हते. सुमनने वृंदावन सारवलं. लग्न लागलं आणि आता धवल्याची वेळ. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पायरीवर गिटार घेऊन बसलो होतो.  तीन बोटं लावली. छेडलं.

सुमनने धीर करून सुरू केलं. आईचे शब्द तिला आठवत होते. पण ती जागा आल्यावर ती खाली यायच्या ऐवजी वर गेली, कॅसेटवरच्या गाण्यासारखी. तिचं तिलाच कळलं. थांबली आणि रडायला लागली.

मागून आवाज आला, "चूक."

मग काशिनाथ म्हणायला लागला. बाप्या माणूस धवला म्हणतो हे आमच्या पंचक्रोशीत कोणी ऐकलं नसेल. बायांनी तोंडाला पदर लावला. त्याचा आवाज म्हणजे काय, कोंड्याने भरलेला लोहाराचा भाता. दर दोन शब्दांना धाप. पण चाल मंडळीची. जिथे ती श्वास घ्यायची तिथेच हा घेत होता. जिथे ती शब्द जरा ओढायची तिथे हा ओढत होता. पाच वर्षं डांबाला टेकून त्याने सगळा उचलला होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मला आठ महिने दर सोमवारी शिकवताना एका अक्षराने बोलला नव्हता. मांडव नव्हता ना. तिच्या आईची शपथ त्याने पाळली होती.

तो खाली यायला लागला. माझ्याकडे बघितलं. मी तिसरं बोट उचललं.

ती आली. सगळी. चाल, आवाज, पदर घेऊन बसायची तऱ्हा, सगळी. मी ऐकलं त्या दिवशी.

सुमनने रात्री पाट, दिवे उचलू दिले नाय. "मास्तरकाका, मांडव आहे तोवर मला शिकवा." दुसऱ्या दिवशी सकाळी उसाखाली बसून ती म्हणत होती आणि तो चूक, चूक करत होता. दुपारपर्यंत तिला ती जागा सापडली. परवाच्या लग्नसराईत तिला तीन गावांतून बोलावणं होतं.

काशिनाथ पुढच्या सोमवारपर्यंतही राहिला नाय. छातीच्या दुखण्याने वैशाखऱ्याला वारला. मला आठ दिवसांनी कळलं. फाट्यावर एसटी थांबली होती, तिच्यातल्या एका माणसाने खिडकीतून सांगितलं आणि गाडी निघून गेली.

मी त्याला शेवटचा पाहिला तो त्या तुळशीच्या लग्नानंतरच्या दुपारी, त्याच फाट्यावर. गिटार मी घेतली होती, त्याला ओझं नको म्हणून. मुरबाडची गाडी आली तशी मी गोणपाट त्याच्याकडे दिलं. त्याने घेतलं नाय.

"राहू दे तुझ्याकडे."

"आणि तू काय वाजवशील?"

"माझी वाजवून झाली. खुंट्यांना हात लावू नको."

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. नाय कळलं. मी म्हटलं, "सोमवारी ये मग." तो हं म्हणाला आणि पायरीचा दांडा धरून, धापा टाकत वर चढला.

खिडकीशी बसला. माणसं खिडकीतून हात हलवतात, हा तसला नव्हता. त्याने खिडकीच्या आडव्या गजावर डावा हात ठेवला. तीन बोटं वाकवून गजावर दाबली, नीट, टोकाने, मला शिकवली तशी. माझ्याकडे बघितलं. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली आणि त्याने तिसरं बोट उचललं.

मला हात करता आला नाय. दोन्ही हातांत गिटार होती.